जुआनिना ग्रंथालय, कुईंब्रा

जुआनिना ग्रंथालय हे पोर्तुगालमधील कुईंब्रा विद्यापीठाचे अठराव्या शतकातील ग्रंथालय असून ते मोंदेगु नदीकाठच्या टेकडीवर, एके काळच्या राजवाड्याच्या चौकाला लागून उभे आहे. पाचवा जुआंव या राजाच्या आश्रयाने १७१७ ते १७२८ या काळात ते बांधले गेले आणि त्याच्याच नावावरून त्याला जुआनिना म्हणू लागले. विद्यापीठ मात्र त्याहून कितीतरी जुने आहे. दिनिस राजाने १२९० मध्ये ते लिस्बनला स्थापन केले, पुढे दोन शहरांमध्ये त्याची अनेकदा हलवाहलव झाली आणि १५३७ पासून ते कुईंब्रात कायमचे स्थिरावले. विद्यापीठाचा हा परिसर २०१३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

ब्राझीलच्या खाणींतील सोने लिस्बनला येऊन पोचत होते तो हा काळ, आणि ग्रंथालयाच्या मुख्य मजल्यावर पाऊल टाकताच तो जाणवतो. उंच कमानींनी जोडलेली एकापुढे एक तीन दालने, छतापर्यंत चढत गेलेली दुमजली फडताळे, त्यांवर हिरव्या, लाल आणि काळ्या लाखेचे थर आणि त्या लाखेवर सोनेरी रंगात काढलेली चिनी धाटणीची चित्रे अशी ही मांडणी आहे. लाखकाम आणि मुलामा मानुएल दा सिल्वा याचा, तर छतावरील चित्रे अंतोनियु सिमोंइश रिबैरु आणि विसेंत नुनिश यांची आहेत. सपाट छतावर खांब आणि सज्जे असे काही रंगवले आहेत की खालून पाहणाऱ्याला छत आणखी वर गेल्यासारखे वाटावे. वरच्या फळ्यांपर्यंत पोचण्याच्या शिड्या फडताळांच्या मधल्या खाचांत सरकवून ठेवलेल्या असतात. कोणी दाखवून दिल्याशिवाय त्या सहसा लक्षात येत नाहीत. तिसऱ्या दालनाच्या टोकाला, चर्चमध्ये जिथे वेदी असावी नेमक्या तिथे, राजाचे मोठे तैलचित्र आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडात कोरलेला पडदा सारून धरलेला आहे. ग्रंथालय विद्येचे असले तरी नमस्कार कोणाला करायचा याविषयी बांधणाऱ्यांच्या मनात शंका नव्हती, एवढे त्यावरून कळते.

संग्रहात मुख्यतः सोळाव्या ते अठराव्या शतकांतील सुमारे ६०,००० ग्रंथ आहेत. कायदा, धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान, वैद्यक, इतिहास आणि भूगोल हे त्यांचे प्रमुख विषय होत. हे ग्रंथ आजवर टिकले याचे श्रेय बरेचसे इमारतीलाच द्यावे लागते. बाहेरच्या भिंती २.११ मीटर जाड आहेत आणि मुख्य दरवाजा भक्कम सागवानी आहे. त्यामुळे आतले तापमान वर्षभर १८ ते २० अंश सेल्सियसच्या आसपास आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या जवळपास राहते. फडताळे ओकच्या लाकडाची आहेत. हे लाकूड कठीण असल्याने किडीला सहजी पोखरता येत नाही, शिवाय त्याचा वास तिला मानवत नाही असे सांगतात. आपल्याकडे पोथ्यांच्या बासनात वेखंड ठेवतात त्यामागची समजूत हीच आहे.

तरीही जी कसर आत शिरते तिचा बंदोबस्त वटवाघळे करतात. जुआनिनात लहान आकाराच्या वटवाघळांची वस्ती पिढ्यान् पिढ्या टिकून आहे. दिवसा ती फडताळांच्या मागे दडून बसतात आणि रात्री दालनांत उडत किडे टिपतात. ग्रंथांना ती अपाय करीत नाहीत, मात्र त्यांच्या लेंड्या आणि मूत्र लाकडाला बाधतात. म्हणून रोज संध्याकाळी ग्रंथालय बंद करताना ब्राझीलहून आणलेल्या मौल्यवान लाकडाच्या मेजांवर चामड्याची आच्छादने अंथरली जातात आणि सकाळी ती काढून फरशी झाडून-पुसून घेतली जाते. घरात वटवाघूळ शिरले की आपल्याकडे केरसुणी शोधतात. इथे केरसुणी लागते ती त्याच्यामागून साफसफाई करण्यासाठी. पोर्तुगालमध्येच माफ्राच्या राजवाड्यातील ग्रंथालयातही अशीच वस्ती आहे.

पाहुण्यांचा प्रवेश ठरावीक वेळेच्या तिकिटावर आणि मर्यादित संख्येच्या गटांनी होतो, कारण माणसांच्या श्वासाने आणि अंगाच्या उष्णतेनेही हवेतील दमटपणा बदलतो. भेटीची सुरुवात चौकातल्या भव्य दरवाजातून होत नाही. मिनर्व्हाच्या पायऱ्या नावाच्या जिन्याकडील बाजूने तळमजल्यात शिरावे लागते आणि तिथे प्रथम दिसतो तो विद्यापीठाचा तुरुंग. विद्यापीठाला स्वतःचा न्यायाधिकार होता आणि गुन्हा करणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा अध्यापकाला सामान्य कैद्यांत न ठेवता इथे डांबले जाई. ग्रंथालयाखालच्या या जागेत तुरुंग १७७३ ते १८३४ पर्यंत होता. खिडकी नसलेल्या अरुंद कोठड्या आजही तशाच आहेत. तिथून वर मधला मजला लागतो, तो पुस्तकसाठ्याचा, आणि त्यानंतर सोनेरी दालने. तिथे थांबायला थोडीच मिनिटे मिळतात. अंधाऱ्या कोठडीतून एकदम लखलखाटात आल्यावर डोळे सरावेपर्यंत त्यांतलीही एखाद-दोन खर्ची पडतात, हे आधीच धरून चालावे.

विद्यापीठाचा ग्रंथसंग्रह जुआनिनापुरता मर्यादित नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात जवळच उभारलेल्या मुख्य ग्रंथालयात पंधराव्या शतकातील आब्राव्हानेल या नावाने ओळखले जाणारे हिब्रू बायबलचे हस्तलिखित आणि लुईश द कामोंइश याच्या ‘उश लुझीयदश’ या महाकाव्याची १५७२ ची पहिली आवृत्ती जतन केली आहे. वास्को द गामाच्या हिंदुस्थानच्या सफरीवरील या काव्याचा कर्ता १५५३ मध्ये गोव्याला आला होता आणि पूर्वेकडे त्याने अनेक वर्षे काढली. उलट दिशेने गोव्यातून कुईंब्राला शिकायला जाणाऱ्यांची परंपराही मोठी आहे. गोव्याचे आदेओदात बार्रेतु आणि तेलु द माश्कारेन्यश हे दोघे इथे कायदा शिकले. विद्यार्थी असतानाच १९२८ मध्ये त्यांनी ‘इंडिया नोव्हा’ हे नियतकालिक कुईंब्राहून काढले आणि त्यातून पोर्तुगीज वाचकांपुढे भारताची बाजू मांडली.

जुआनिनातील ग्रंथ अभ्यासकांना आजही मिळतात. मात्र जो ग्रंथ हवा असेल तो मूळ प्रतीतच का पाहायचा आहे याचे कारण द्यावे लागते. ते पटले तर ग्रंथ फडताळातून काढून मुख्य ग्रंथालयाच्या वाचनकक्षात नेला जातो आणि काम झाल्यावर परत आपल्या जागी ठेवला जातो.