कासवाची पांढरी शू

मित्राचा फोन आला तो घाबऱ्याघुबऱ्याच. "अरे, कासवाच्या पिल्लाने पांढरं काहीतरी टाकलंय. टूथपेस्टसारखं. आजारी आहे का?" म्हटलं, चिमटीत धरून चोळून बघ, मऊ लागतंय की खरखरीत? थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "बारीक रेती असल्यासारखं लागतंय." हात साबणाने धू, एवढं सांगून मी निघालो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

पिल्लू तहानलेलं होतं; लगदा खरखरीत लागणं ही त्याचीच खूण. खोक्यात कोरडा भुसा, वर दिवसभर तापणारा दिवा, पाण्याची वाटी नाहीच. "वाळवंटातली जात आहे ना, तिला कशाला पाणी?" ही समजूत त्याच्या एकट्याची नाही, आणि पंचाईत अशी की ती अर्धी खरी आहे. मोठं कासव पाण्याविना बरेच दिवस काढतं. ते कसं काढतं, हे त्या पांढऱ्या लगद्यातच दडलंय.

प्रथिनं पचल्यावर उरलेला नायट्रोजन शरीराबाहेर टाकावा लागतो. मासे अमोनिया सोडून मोकळे होतात, भोवती पाणीच पाणी. आपण युरिया बनवतो. तो पाण्यात विरघळूनच बाहेर पडतो, म्हणजे पाणी खर्ची पडतं, पण आपली मूत्रपिंडं लघवी घट्ट करून थोडी बचत करतात. त्यासाठी लागणारा हेन्लेचा वळसा (मूत्रपिंडातल्या बारीक नळीचं वळण) कासवाच्या मूत्रपिंडात नसतो, त्यामुळे त्याची लघवी रक्तापेक्षा घट्ट होऊच शकत नाही. मग जमिनीवरचं कासव न विरघळणारा कचराच बनवतं: युरिक ॲसिड. एका रेणूत चार नायट्रोजन (युरियात दोनच) आणि पाण्यात जेमतेम विरघळणारं. मूत्राशयात त्याचा साका खाली बसतो. आता खरी करामत. परासरणाच्या, म्हणजे पाणी पातळ बाजूकडून घट्ट बाजूकडे ओढलं जाण्याच्या हिशेबात फक्त विरघळलेले कण धरले जातात, खाली बसलेले नाहीत. त्यामुळे साका वाढला तरी वरचं पाणी बराच काळ पातळ राहतं आणि मूत्राशयाच्या भिंतीतून ते पुन्हा रक्तात ओढून घेता येतं. पाल्यातून येणारं जादा पोटॅशियमही युरेटशी (युरिक ॲसिडच्या क्षाररूपाशी) जोडी जमवून त्याच साक्यात जाऊन बसतं. समुद्री कासवांसारख्या मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी यांना नाहीत, तेव्हा हा आडमार्ग फार मोलाचा. अर्थात वरचं पाणी रक्ताइतकं घट्ट झालं की मूत्राशयाची ही टाकी संपली.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या वाळवंटी कासवांवरचा केनेथ नॅगी आणि फिलिप मेडिका यांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊस पडताच ती कासवं पोटभर पाणी पितात, जुनी लघवी साक्यासकट टाकून देतात आणि टाकी नव्याने भरतात. तोवर थेंबही सोडत नाहीत. असं कासव कुणी कौतुकाने उचललं, तर ते घाबरून टाकी रिकामी करू शकतं. म्हणून रानातल्या कासवाला हात लावू नये.

पिल्लाकडे हीच टाकी आहे, पण केवढीशी! लांबी निम्मी केली तर पृष्ठभाग एक चतुर्थांश होतो आणि आकारमान एक अष्टमांश. पाणी उडून जातं ते पृष्ठभागातून, साठतं ते आकारमानात. म्हणजे निम्म्या लांबीच्या कासवाची टाकी साधारण दुप्पट वेगाने आटणार. अक्रोडाएवढ्या पिल्लाची तर विचारूच नका. निसर्गात पिल्लं बराचसा वेळ झुडपांखाली, बिळात, ओलसर मातीत दडून असतात. उघड्या कोरड्या खोक्यात तो आडोसा नाही. सुल्काटा जातीच्या पिल्लांवरचे व्हिएन्नातले प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाले: कवचावर उंचवटे येण्यामागे आहारातल्या प्रथिनांपेक्षा हवेचा कोरडेपणा जास्त कारणीभूत निघाला.

उपाय साधा आहे. पसरट भांड्यात कोमट पाणी, वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत, डोकं सहज वर राहील असं. रोज १५ ते २० मिनिटं, समोर बसून. खोक्यात उथळ वाटी आणि एक ओलसर कोपरा. पाण्यात घालायचे रंगीत 'व्हिटॅमिन ड्रॉप्स' आणि 'हायड्रेशन बूस्टर' विकणाऱ्यांनी परासरणाचा धडा पुन्हा वाचावा. टाकी पाण्याने भरते.

मित्राच्या पिल्लाला आम्ही त्याच संध्याकाळी पाण्यात सोडलं. दोन मिनिटं दगड. मग मान लांब केली, नाकासकट तोंड बुडवलं आणि गळ्याखालची कातडी वरखाली होऊ लागली. पिऊन झाल्यावर त्याने मागून आणखी एक पांढरा गोळा सोडला. नेवाडातल्या पावसातला कार्यक्रम, प्लास्टिकच्या डब्यात. मित्र म्हणाला, "घाण केली." म्हटलं, पाणी बदल.

आठवडाभर रोज भिजवूनही साका खरखरीतच राहिला, किंवा पिल्लू कुंथतंय, मागचे पाय ओढतंय असं दिसलं, तर वाट न पाहता सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठायचा. साका घट्ट होत होत त्याचा खडा होतो, आणि मोठा झालेला खडा पाण्यात बसवून विरघळत नाही; तो सहसा शस्त्रक्रिया करूनच काढावा लागतो.