पार्श्वभूमी : वृक्षोद्यानाचा नकाशा आणि हरवलेला माळ

कॉलेजच्या वृक्षोद्यानाचा 'तेव्हा आणि आता' असा नकाशा करायला घेतला की सोलापुरात गोष्ट बहुधा १९७२च्या दुष्काळापासून सुरू होते. त्याआधीचे फारसे हाती लागत नाही. एक इंचाला एक मैल या मापाच्या जुन्या टोपोशीटवर (सरकारी भूरूप नकाशावर) दहा एकरांचे आवार नखाएवढेही भरत नाही. अमेरिकी हेर उपग्रहांची १९६० ते १९७२ या काळातली छायाचित्रे १९९५ साली खुली झाली. नशीब असेल तर त्यांत विहीर, बांध, मोठे झाड दिसते. झाड कोणत्या जातीचे, ते कळत नाही.

दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्राच्या योजना आल्या, पुढे १९८०च्या दशकात सामाजिक वनीकरण. सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) ही झटपट वाढणारी रोपे मुरमाड जमिनीत लागली. आवारांतली झाडीही याच लाटेत वाढली.

खरा वाद आहे तो नकाशाच्या सूचीचा, म्हणजे कोणता रंग कशासाठी या यादीचा. झाडोऱ्याला हिरवा, इमारतींना लाल, पाण्याला निळा. मग कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांचा पट्टा कोणत्या रंगात? बहुतेक नकाशांत तो 'रिकामी जागा' किंवा 'पडीक' होतो. एकदा सूची अशी ठरली की तिथे नंतर लावलेले प्रत्येक झाड आपोआप 'सुधारणा' म्हणून मोजले जाते. शहरापासून जेमतेम वीस किलोमीटरवर, नान्नजला, अशाच गवताळ माळावर राहणाऱ्या माळढोक पक्ष्यासाठी १९७९मध्ये अभयारण्य झाले, हे आवारात कुणाला आठवत नाही. त्या माळावरही गिरिपुष्प लावले गेले होते आणि मग ते काढण्याची वेळ आली.

यात उपग्रहचित्राचा महिनाही घोळ घालतो. कडुनिंबाला एप्रिलपर्यंत नवी पालवी आलेली असते, गवत मात्र तेव्हा वाळून मातीच्या रंगाचे झालेले. ढग नसतात म्हणून मे महिन्यातले चित्र घेणे सोयीचे, पण त्यात माळ उजाडच दिसणार. तीच जागा ऑक्टोबरच्या चित्रात हिरवी असते. दोन तारखांची चित्रे शेजारी ठेवायला खर्चही उरलेला नाही : लँडसॅट उपग्रहांची ३० मीटरची (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर) चित्रे २००८पासून फुकट आहेत, सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरची २०१५पासून. तरी एका तारखेवर भागवले जाते, हा निव्वळ आळस.

२०१६च्या दोन कोटींपासून २०१९च्या तेहतीस कोटींपर्यंतच्या राज्यव्यापी वृक्षलागवडीत तर खड्डे मोजले गेले. खड्ड्याच्या जागी आधी काय होते, याला रकानाच नव्हता. फेब्रुवारी २०२१मध्ये नकाशांकनावरची परवान्यांची बंधने सैल झाली, त्याच वर्षी ड्रोनचे नियमही सोपे झाले. आता विद्यार्थी झाडागणिक ठिपका टाकू शकतात, आणि टाकतातही. गवताला अजून ठिपका नाही.