क्रांतीच्या घरातली भाऊबंदकी

११ एप्रिल १९६४. दिल्लीत भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या (भाकप) राष्ट्रीय परिषदेची बैठक, अध्यक्षस्थानी श्रीपाद अमृत डांगे. १९२४ साली तुरुंगातून त्यांनी इंग्रज सरकारला सहकार्य देऊ करणारी पत्रं लिहिली, असा आरोप नुकताच झाला होता. पत्रं बनावट आहेत, असं डांग्यांचं म्हणणं. वाद चिघळला आणि ३२ सदस्य उठून बाहेर पडले. त्यांत केरळचे नंबुद्रिपाद होते, बंगालचे ज्योती बसू होते. त्याच वर्षी कलकत्त्यात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष (माकप) उभा राहिला आणि त्याच्या पॉलिट ब्युरोत बी. टी. रणदिवे आले. डांगे आणि रणदिवे दोघंही मराठी, दोघंही मुंबईच्या गिरणी कामगारांच्या चळवळीत वाढलेले. आता एकमेकांसमोर उभे.

मतभेद खोटे नव्हते. १९६२चं चीन युद्ध, मॉस्को की पेकिंग, काँग्रेसशी जुळवून घ्यायचं की लढायचं, हे प्रश्न खरे होते. मानसशास्त्राचा दाखला देऊन ते उडवून लावणाऱ्यांचा मला रागच येतो. पण त्या प्रश्नांनी सगळा हिशोब लागत नाही. १९६७च्या निवडणुकीत पश्चिम बंगालमध्ये माकप आणि भाकप दोन वेगळ्या आघाड्यांतून एकमेकांविरुद्ध लढले. काँग्रेसचं बहुमत गेलं, आणि निकालानंतर हेच दोघे एका मंत्रिमंडळात जाऊन बसले! जे मतभेद निकालानंतर गिळता आले, ते आधी का गिळवले नाहीत?

या कोड्याचा एक धागा इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये सापडतो. तिथला मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल हा मूळचा पोलंडमधला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांचा कैदी झाला, आणि परतला तेव्हा घरचं जवळजवळ कोणी उरलं नव्हतं. माणसं ‘आपले’ आणि ‘परके’ कशी ठरवतात, हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला. १९७०च्या सुमारास त्याने शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीनुसार दोन गट पाडल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. मग प्रत्येकाला एकट्याला बसवून इतर मुलांना गुण वाटायला सांगितले. गुणांचे पैसे मिळणार होते. आपण केलेल्या वाटणीतून स्वतःला मात्र काहीच मिळणार नव्हतं.

एका तक्त्यावर पर्याय असे होते : आपल्या गटातल्याला १९ आणि त्यांच्यातल्याला २५, दोघांना १३-१३, आपल्याला ७ आणि त्यांना १, शिवाय यांच्या अधल्यामधल्या जोड्या. आपल्या माणसाचं भलं करायचं तर १९ घ्यावेत. पण त्यात समोरचा पुढे जातो. मुलं अगदी सातावर गेली नाहीत, तरी कल त्या बाजूलाच राहिला. आपले काही गुण गेले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा वर राहिलं पाहिजे. बांधावरून कोर्टात गेलेल्या भाऊबंदांचा हिशोब याहून वेगळा नसतो.

ही मुलं निदान चित्रांच्या आवडीच्या नावाखाली वेगळी झाली होती. गट मुळातच सारखे असतील तर? २००६ साली ज्युडिथ व्हाइट आणि सहकाऱ्यांनी छोट्या गटांमधल्या या आडव्या वैराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळलं की दूधही वर्ज्य करणारे व्हीगन लोक शाकाहाऱ्यांबद्दल जितकं कडवट बोलतात, तितके शाकाहारी व्हीगनांबद्दल बोलत नाहीत. रोख नेहमी आपल्यापेक्षा जरा मवाळ असलेल्या शेजाऱ्यावर. मटण खाणारा उघडच वेगळा, त्याच्यामुळे आपली ओळख पुसट होत नाही. मवाळ शेजाऱ्यामुळे होते. ‘संशोधनवादी’, म्हणजे मार्क्सच्या शिकवणीत सोयीची दुरुस्ती करणारा, ही कम्युनिस्टांची जहरी शिवी भांडवलदाराला कधीच दिली गेली नाही, ती कॉम्रेडसाठीच राखीव होती.

आणखी एक गोष्ट : दोघांनाही तोच कार्यकर्ता, तोच कामगार हवा असतो. १९२० पासूनच्या आयटक या कामगार संघटनेचे सरचिटणीस डांगे होते. १९७० मध्ये माकपने सीटू ही वेगळी कामगार संघटना काढली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले रणदिवे. गिरणीच्या फाटकावर आता दोन लाल बावटे. मालकाशी वाटाघाटी तरी होतात; वर्गणीदार पळवणाऱ्या दुसऱ्या युनियनशी कसल्या?

मग ही माणसं एकत्र येतात कधी? मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफने १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमातल्या शिबिरात मुलांचे दोन गट आधी भिडवले. नुसतं एकत्र जेवायला बसवून काही साधलं नाही, ताटातलं अन्न एकमेकांवर उडालं. पण जेवण आणणारा ट्रक ‘बंद पडला’, तेव्हा रस्सीखेचीचाच दोर बांधून दोन्ही गटांनी तो मिळून ओढला. अशा काही कामांनंतर वैर ओसरलं.

आपल्याकडे तो ट्रक म्हणजे संयुक्त महाराष्ट्र. १९५७ची निवडणूक कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेकाप आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन यांनी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली लढवली आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला घाम फोडला. १ मे १९६० रोजी राज्य मिळालं. ओढायला काही उरलं नाही, समिती विस्कटली. १९६२ला काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा नेल्या. डांगे-रणदिव्यांचा पक्ष फुटायला तेव्हा अजून दोन वर्षं होती.