माउंटन बाइकचे चाक

माउंटन बाइकचे चाक : खडकाळ पायवाटा, तीव्र उतार आणि उड्यांचा मार सोसण्यासाठी बांधलेले, ताणलेल्या तारांचे सायकलचे चाक. हब (मधला तुंबा), तारा (स्पोक), निपल (तार ताणण्याचे छोटे नट) आणि रिम (बाहेरचे कडे) हे त्याचे भाग. बैलगाडीच्या चाकात तुंब्यावरचा भार खालचे आरे दाबात पेलतात. सायकलची तार मात्र जेमतेम 2 मिमी. जाड, दाबली तर लगेच वाकणारी. म्हणून ती आधीच ताणून ठेवतात. चाकाचे बळ या ताणात असते आणि चाक निवडतानाचे बहुतेक प्रश्नही फिरून तेथेच येतात.

ताणलेल्या चाकाचा उगम वादग्रस्त आहे. इंग्लंडमधील जॉर्ज केली यांनी उड्डाणयंत्रासाठी हलके चाक हवे म्हणून 1808 च्या सुमारास अशी कल्पना टिपणात मांडली. थिओडोर जोन्स यांनी 1826 मध्ये गाड्यांच्या लोखंडी झुलत्या (तुंबा आऱ्यांना टांगलेल्या) चाकाचे पेटंट घेतले. सायकलपुरते पाहता जुने, विशेषतः इंग्रजी, ग्रंथ श्रेय जेम्स स्टार्ली यांना देतात. स्टार्ली व विल्यम हिलमन यांच्या 1870 च्या ‘एरियल’ सायकलीत तरफांनी सर्व तारा एकदम ताणल्या जात. परंतु पॅरिसचे यूजीन मेयर यांचे पेटंट 1869 चे आहे आणि त्यात प्रत्येक तार स्वतंत्रपणे ताणता येते. आजही चाक याच रीतीने बांधतात, त्यामुळे अलीकडचे अभ्यासक मेयर यांच्याकडे झुकतात. ते अधिक सयुक्तिक वाटते. स्टार्ली यांचे निर्विवाद श्रेय 1874 च्या स्पर्शरेषी मांडणीचे. हबमधून सरळ न निघता तिरप्या निघून एकमेकींना ओलांडणाऱ्या तारा पॅडलचा पीळ रिमपर्यंत पोहोचवतात. हबवरच्या तबकडीला आवळणाऱ्या डिस्क ब्रेकमुळे हा पीळ पुढच्या चाकातही येतो. म्हणून त्या चाकातही सरळ तारांची मांडणी टाळतात.

माउंटन बाइकच्या खेळाचा आरंभ सामान्यतः कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत मानला जातो, जरी रानवाटांवर सायकल नेणारी मंडळी युरोपात त्याआधीही होती. फेअरफॅक्सजवळच्या ‘रिपॅक’ उतारावर 21 ऑक्टोबर 1976 रोजी पहिली शर्यत झाली. सुमारे 3.4 किमी. अंतरात ही वाट सुमारे 400 मी. खाली उतरते. पॅडल उलटे दाबून लावायच्या ब्रेकचा हब इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. उताराचे नाव त्यावरून पडले. या सायकली जुन्या, जाड टायरच्या आणि पोलादी रिमच्या होत्या. त्यांच्या 26 इंची चाकाचे माप (रिमवर टायर बसतो तेथील व्यास 559 मिमी.) पुढे कित्येक वर्षे रूढ राहिले. अ‍ॅल्युमिनियमच्या रिम आल्या त्या सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. पुढे 29 इंची (622 मिमी.) व 27.5 इंची (584 मिमी.) मापे प्रचारात आली. मोठे चाक दगडावरून सहज जाते. पण तारा लांबल्याने, हब व तारांची संख्या तीच असेल तर, ते आडव्या धक्क्याला अधिक लवचिक ठरते.

सायकलस्वार वरच्या तारांना ‘लटकतो’ की खालच्या तारांवर ‘उभा राहतो’, हा वाद जुना आहे. तार दाब घेऊ शकत नाही, म्हणून भार वरच्या तारांनीच पेलला पाहिजे, असे पहिला पक्ष म्हणतो. पिपर्ड व फ्रान्सिस यांनी 1931 मध्ये तारांच्या चाकातील ताणांचे गणित मांडले. या व नंतरच्या गणितांनुसार भार येताच जमिनीलगतच्या मोजक्या तारांचा ताण उतरतो आणि उरलेल्यांत फारसा फरक पडत नाही. बदलाकडे पाहिले तर चाक खालच्या तारांवर उभे आहे, हे म्हणणे ग्राह्य धरावे लागते. पडताळा घरीही घेता येतो. कोणाला सायकलवर बसवून खालची तार तंबोऱ्यासारखी छेडावी. तिचा स्वर उतरलेला ऐकू येतो.

टिकाऊपणाचे मर्म या उतरलेल्या स्वरात आहे. 2 मिमी. जाडीची चांगली स्टेनलेस तार साधारण 300 किग्रॅ. भाराला तुटते आणि चाकात तिच्यावर 100 ते 120 किग्रॅ. ताण असतो, म्हणजे एका धक्क्याने ती सहसा तुटत नाही. प्रत्येक फेऱ्यात ताण उतरतो-चढतो, त्या शिणाने ती हबजवळच्या वाकणाशी तुटते. ताण शून्यावर आला तर निपल सैल होत जाते आणि चाक आडवे दुमडण्याचा धोका वाढतो. म्हणून जाड तार म्हणजे मजबूत चाक हा समज टिकत नाही. टोकांना 2 मिमी. व मध्ये 1.8 मिमी. असलेली तार त्याच ताणाला अधिक लांबते, रिम दबली तरी तिच्यात ताण शिल्लक राहतो, आणि ती बहुधा जास्त दिवस टिकते.

मागच्या चाकात कॅसेटला (गिअरच्या दातेरी चक्रांच्या संचाला) जागा देण्यासाठी हबची उजवी फ्लँज (तारा अडकवायची कड) आत सरकवलेली असते. त्यामुळे डाव्या तारांचा ताण उजव्यांहून बराच कमी राहतो आणि सैल होतात त्या बहुधा डाव्याच. मागच्या हबची रुंदी 142 वरून 148 मिमी. झाली तेव्हा फ्लँज दोन्ही बाजूंनी प्रत्येकी सुमारे 3 मिमी. बाहेर गेल्या व तारांचा तिरपेपणा वाढला. 29 इंची चाकाला याचा विशेष लाभ झाला. छिद्रे मध्यापासून बाजूला सरकवलेल्या रिमचा हेतू डाव्या-उजव्या तारांच्या ताणातील फरक कमी करणे हा.

कठोर वापरासाठी 32 तारा, प्रत्येक तार तिघींना ओलांडणारी आणि पितळी निपल हा जुना व भरवशाचा मेळ आहे. हलक्या स्वाराला 28 तारा पुरतात. रिमची आतली रुंदी आज 30 मिमी.च्या आसपास असते. अ‍ॅल्युमिनियमची रिम चेपते व पुष्कळदा सरळ करता येते. कार्बनची रिम आकार धरून ठेवते, पण मर्यादेपलीकडे तडकते. ‘एएसटीएम एफ2043’ या अमेरिकी मानकात सायकलींचे वापरानुसार वर्ग केले आहेत. तिसऱ्या वर्गात सुमारे 61 सेंमी.पर्यंतच्या आणि चौथ्यात 122 सेंमी.पर्यंतच्या उड्या धरल्या आहेत. पाचवा वर्ग त्याहून उग्र वापराचा. चाक घेताना वजनाच्या आकड्याआधी हा वर्ग पाहावा. टायरमधील हवा फार कमी ठेवल्यास कोणतीही रिम दगडावर आपटते, याचा मात्र पुष्कळांना विसर पडतो.

बांधणीत सम ताण सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडे सायकल मिस्त्री चाकाचा ‘आऊट काढतात’, म्हणजे डगमग घालवतात. पण न डगमगणाऱ्या चाकातही एक तार घट्ट व शेजारची ढिली असू शकते. म्हणून एकाच बाजूच्या तारा छेडून स्वर जुळवतात किंवा ताणमापक वापरतात. त्यानंतर समांतर तारांच्या जोड्या हाताने दाबतात. त्याने वाकणे हबमध्ये नीट बसतात आणि तार बनवताना राहिलेले अंतर्गत ताण कमी होतात. भारतात चाललेल्या जुन्या काळ्या सायकलींच्या पुढच्या चाकाला 32 व मागच्याला 40 तारा असत, ही इंग्रजी रीत. जास्त भार मागे पडतो म्हणून तारा मागे जास्त, हा हिशेब माउंटन बाइकमध्ये मागे पडला असून तीत दोन्ही चाकांना सहसा सारख्याच तारा असतात.