एपीटीटी वाढला: ल्युपस अँटिकोॲग्युलंट की फॅक्टर आठचा इनहिबिटर?

ऑपरेशनआधीच्या तपासणीत एपीटीटी, म्हणजे नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ, वाढून ७० सेकंद येतो; पीटी ही गोठण्याचीच दुसरी चाचणी मात्र नॉर्मल. रुग्णाच्या प्लाझ्मात (रक्तातल्या द्रव भागात) तेवढाच निरोगी प्लाझ्मा मिसळून पाहिला, तरी वेळ नीट खाली येत नाही, किंवा खाली येऊन पुन्हा वाढतो. म्हणजे नुसती फॅक्टरची (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची) कमतरता नाही, गोठण्याच्या आड काहीतरी येतंय. नळीत हेपरिन हे रक्त पातळ करणारं औषध आलेलं नाही ना, हे आधी बघायचं. ते नसेल तर उरतात मुख्यतः दोघे, ल्युपस अँटिकोॲग्युलंट आणि फॅक्टर आठचा इनहिबिटर (फॅक्टर आठला निकामी करणारी अँटिबॉडी), आणि त्यांची गल्लत जिवावर बेतू शकते.

ल्युपस अँटिकोॲग्युलंट हे नावच दिशाभूल करतं. १९५२ साली कॉनली आणि हार्टमन यांनी ल्युपस या आजाराच्या (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) दोन रुग्णांत अशा पदार्थाची नोंद केली, म्हणून ल्युपस. पण तो सापडणाऱ्या अनेकांना ल्युपस नसतो. ही अँटिबॉडी फॉस्फोलिपिडला (गोठण्यासाठी लागणाऱ्या स्निग्ध पदार्थाला) चिकटणाऱ्या प्रथिनांवर बसते. परीक्षानळीत त्यामुळे गोठायला उशीर होतो, शरीरात मात्र गुठळ्या होतात. पोटरी सुजते, तरुण वयात पक्षाघात होतो, दहाव्या आठवड्यानंतर पोटातलं बाळ दगावतं. अशा बाईला एपीटीटी वाढलाय म्हणून ‘रक्त पातळ आहे’ असं सांगितलं जातं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. खरं तर तिला रक्त पातळ करणाऱ्या औषधाची गरज असू शकते.

फॅक्टर आठच्या इनहिबिटरमध्ये जे नळीत दिसतं तेच शरीरात घडतं. बहुधा वय झालेलं माणूस, कधी नुकतीच बाळंत झालेली बाई. आयुष्यात कधी रक्तस्रावाचा त्रास नाही, आणि अचानक अंगभर काळेनिळे डाग, स्नायूत रक्त साकळलेलं.

लॅबमध्ये वेळ हा मोठा दुवा आहे. ल्युपस अँटिकोॲग्युलंटचा परिणाम मिसळल्या क्षणी दिसतो. फॅक्टर आठचा इनहिबिटर सावकाश काम करतो: लगेच पाहिलं तर एपीटीटी सुधारल्यासारखा वाटतो, ३७ अंशांवर दोन तास ठेवला की पुन्हा वाढतो. या इनहिबिटरचं प्रमाण मग बेथेस्डा युनिट या एककात मोजतात.

दुसरा दुवा आपल्या शेताच्या बांधावरचा, घोणस. तिच्या पातळ केलेल्या विषावर डीआरव्हीव्हीटी ही गोठण्याचा वेळ मोजणारी चाचणी चालते. हे विष थेट फॅक्टर दहाला जागं करतं, आठची गरजच पडत नाही. त्यामुळे आठचा इनहिबिटर असला तरी ही चाचणी नॉर्मल येते. ल्युपस अँटिकोॲग्युलंट असेल तर ती सहसा लांबते, आणि जास्तीचं फॉस्फोलिपिड घातलं की वेळ पुन्हा खाली येतो.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. ल्युपस अँटिकोॲग्युलंटमुळे फॅक्टर आठची पातळीही खोटी कमी दिसू शकते. नमुना पातळ करत गेलं की आकडा चढत जातो, तिथे तो खोटेपणा उघडा पडतो.

नमुना दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लेटलेट काढून टाका, कारण उरलेल्या प्लेटलेट स्वतःचं फॉस्फोलिपिड पुरवून अँटिबॉडी झाकतात. वॉरफरिन किंवा रिव्हारॉक्सबान ही रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर फॉर्मवर लिहा. आणि ल्युपस अँटिकोॲग्युलंटचा निकाल पॉझिटिव्ह आला तरी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासा. तापात किंवा संसर्गात आलेली ही अँटिबॉडी पुष्कळदा निघून जाते.