नवे टायर पुढे की मागे?

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या नाना पेठेतल्या टायरच्या दुकानांपुढे गाड्या थांबलेल्या दिसतात. चारही टायर एकदम बदलणारे थोडे, बहुतेकांचा हिशेब दोनाचा. कारागीर न विचारताच नवी जोडी पुढे बसवतो आणि पुढची झिजलेली मागे ढकलतो. स्टेअरिंग पुढे, इंजिन पुढे, ब्रेकचा भार पुढे, मग चांगले टायरही पुढेच, हा त्याचा तर्क. टायर बनवणाऱ्या कंपन्या मात्र नेमकं उलटं सांगतात: नवी जोडी मागे टाका. इकडे जूनमध्ये निघणारा हा वाद पुण्याहून डेट्रॉइटला किंवा स्टुटगार्टला नोकरीला गेलेल्या पोरांच्या घरी नोव्हेंबरात निघतो. तिथला प्रश्न असतो, बर्फाचे टायर चार घ्यायचे की दोनावर भागेल? दोन्ही वादांचं मूळ एकच आहे.

बेमेळ चाकाची गोष्ट तशी मोटारीइतकीच जुनी. डनलॉपने 1888 मध्ये बेलफास्टला हवेचा टायर केला तो सायकलसाठी. मिशेलिन बंधूंनी 1895 च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत तो मोटारीवर चढवला. पंक्चर मात्र पाचवीलाच पुजलेलं. त्यावर 1904 मध्ये वेल्समधल्या लानेली गावात तोड निघाली: आरे नसलेली एक रिंग, तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर, आणि पंक्चर झालेल्या चाकाला ती शिकंज्यांनी जखडायची. कारखाना होता स्टेपनी स्ट्रीटवर. त्या रस्त्याचं नाव इंग्लंडमधले लोक कधीच विसरले, आपल्याकडे मात्र ते अजून रोजच्या बोलण्यात आहे. ‘स्पेअर व्हील’ म्हणालात तर पंक्चरवाला क्षणभर थांबतो, ‘स्टेपनी’ म्हटलं की लगेच जॅक घेऊन येतो.

पुणेकराच्या डोक्यात टायर म्हणजे कुठेही बसणारी वस्तू, ही समजूत रुजवण्यात आकुर्डीच्या बजाज स्कूटरचाही हात असावा. चेतकची पुढची, मागची आणि स्टेपनी, तिन्ही चाकं 3.50-10 मापाची. पाना काढायचा, फिरवाफिरव करायची, पुढे निघायचं. दोन चाकांच्या त्या वाहनाला ते चालून गेलं. मोटारीला चालत नाही.

ते का चालत नाही, हे लोकांना पहिल्यांदा कळलं रेडियल टायर आल्यावर. मिशेलिनने रेडियलचं पेटंट 1946 मध्ये घेतलं आणि 1949 पासून ‘मिशेलिन एक्स’ बाजारात आणला. जुन्या टायरमध्ये धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेद देत जायचे. आपल्या बाजारात त्याला सरसकट ‘नायलॉन’ म्हणतात. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे आणि वर पोलादी तारांचा पट्टा. त्यामुळे टायरची बाजू मऊ राहते, पण रस्त्याला टेकणारा भाग वळणावरही सपाट पडून राहतो. पकड वाढली, आयुष्य वाढलं आणि किंमतही. किंमत वाढली म्हणून लोक दोन-दोन घेऊ लागले, आणि घेतलेले दोन पुढे लावू लागले.

वळणावर पुढचे रेडियल रस्ता धरून ठेवायचे, मागचे नायलॉन आधी सुटायचे. गाडीची शेपूट बाहेर जायची आणि गाडी स्वतःभोवती फिरायची. उलट केलं, म्हणजे रेडियल मागे लावले, तर आधी पुढची चाकं घसरतात आणि गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ पाहते. तेही वाईटच. पण तिथे घाबरलेला माणूस जे आपसूक करतो, म्हणजे पाय उचलतो, तेच बऱ्याचदा बरोबर ठरतं: वेग उतरतो, पुढचे टायर पुन्हा रस्ता धरतात. शेपूट सुटल्यावर पाय उचलणं हे मात्र आगीत तेल. ब्रिटनमध्ये तर कायदाच झाला: एका अ‍ॅक्सलवर दोन जातींचे टायर नकोत, आणि पुढे रेडियल–मागे नायलॉन अशी जोडणीही नको.

बर्फाच्या टायरची वाट याच काळात समांतर चालली होती. फिनलंडच्या रबर कारखान्याने, म्हणजे आजच्या नोकियन टायर कंपनीच्या पूर्वजाने, 1934 मध्ये ट्रकसाठी हिवाळी टायर काढला आणि 1936 मध्ये मोटारींसाठी ‘लुमी-हाक्कापेलिट्टा’. त्याआधी चाकाला साखळ्या बांधत. हॅरी वीड या अमेरिकन माणसाचं त्याचं पेटंट 1904 चं, म्हणजे स्टेपनीच्याच वर्षीचं. मनालीच्या वर गाडी घेऊन गेलेल्यांनी ही साखळी पाहिली असेल, ती अजून निवृत्त झालेली नाही. पुढे टायरमध्ये लोखंडी खिळे आले. त्यांनी रस्तेच खरवडून काढले. पश्चिम जर्मनीने 1975 मध्ये खिळे बंद केले. जपानमध्ये सेंदाईसारख्या शहरांत रस्त्याची धूळ इतकी उडू लागली की 1990 मध्ये कायदा करावा लागला. आजच्या हिवाळी टायरची करामत खिळ्यांत नसते. ती असते थंडीतही मऊ राहणाऱ्या रबरात आणि नक्षीवर पाडलेल्या असंख्य बारीक चिरांत. साधारण सात अंशांच्या खाली साधं रबर कडक होऊ लागतं, हे हिवाळी रबर मऊच राहतं. पुण्याचा पारा 1935 च्या जानेवारीत 1.7 अंशांवर उतरला होता खरा, पण दुपारी ऊन तापतंच. असा टायर आपल्याकडे खोडरबरासारखा झिजेल.

आता खरी गंमत. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकात बर्फाचे टायर दोनच घ्यायची रीत होती, आणि ते मागे लागत. कारण गाड्या मागच्या चाकांवर चालायच्या. बर्फात अडकू नये म्हणून जी चाकं ढकलतात त्यांना पकड द्यायची, इतका साधा विचार. त्यात शेपटीलाही आपोआप जास्त पकड मिळत होती, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग होंडाची 1972 ची सिव्हिक, फोक्सवॅगनची 1974 ची गोल्फ, आणि 1980 च्या आसपास खुद्द अमेरिकी कंपन्यांच्या गाड्या पुढच्या चाकांवर चालू लागल्या. लोकांनी जुना नियम शब्दशः पाळला: ढकलणाऱ्या चाकांना बर्फाचे टायर. म्हणजे आता पुढे. गाडी झकास निघायची, अंगणातून बाहेर यायची, आणि पहिल्या वळणावर ब्रेक मारला की मागचं हलकं झालेलं अंग कडक रबरावर फिरायचं. नियम तोच राहिला, गाडी उलटी झाली होती. म्हणून तिकडे आज एकच उत्तर देतात: चार घ्या, नाहीतर एकही नको.

आपल्याकडेही हाच पालट झाला, फक्त बर्फाशिवाय. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालत. तेव्हा चांगले टायर मागे टाकायचे, असं जुने ड्रायव्हर सांगत. जे.के. टायर कंपनीने 1977 मध्ये देशात रेडियल आणला, 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, आणि ओढणारी चाकं पुढे गेली. त्यांच्यामागे नवे टायरही पुढे गेले. पुढची जोडी लवकर झिजते, हेही निमित्त झालं.

मापांच्या भेसळीचं गणित वेगळं, पण तेही आकड्यांनीच कळतं. 185/65 R15 म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, उंची तिच्या 65 टक्के, रिम 15 इंची. चाकाचा व्यास येतो 621.5 मिलिमीटर. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलवरचा 165/80 R14 मोजला तर 619.6. रिम वेगळी, रुंदी वेगळी, घेर जवळपास तोच, म्हणून कंपनी दोन्ही देऊ शकते. बर्फाच्या देशात याच हिशेबाने हिवाळ्यासाठी लहान रिम आणि अरुंद टायर घेतात, कारण अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो. पण कोणी हौसेने 205/65 R15 चढवले तर व्यास 647.5 होतो, म्हणजे चार टक्क्यांहून थोडा जास्त. काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशेचारवर असते. असा टायर एकाच बाजूला लावला तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला, म्हणजे वळणावर दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला, फुरसत नाही, आणि चाकांचे वेग ताडून पाहून ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचा गोंधळ होतो तो वेगळाच. (ट्रॅक्टरची पुढची-मागची चाकं वेगळी असतात, असं म्हणणारा एक तरी भेटतोच. ती तशीच बेतलेली असतात, फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये पुढच्या चाकांना मुद्दाम किंचित जास्त वेग दिलेला असतो.)

राहिला आपला पाऊस. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी साठच्या दशकात ओल्या धावपट्टीवरच्या विमानांसाठी एक सूत्र मांडलं: टायरमधल्या हवेच्या दाबावरून तो पाण्यावर कधी तरंगू लागेल, याचा अंदाज. 32 पौंड हवेला ते ताशी सुमारे 94 किलोमीटर येतं. एक्स्प्रेस वेवर तेवढा वेग कोणीही गाठतो. नव्या टायरच्या आठ मिलिमीटर खोल खाचा पाणी बाहेर फेकतात. झिजून तीनवर आलेल्यांना ते जमत नाही, आणि कायद्याची किमान मर्यादा तर 1.6 च आहे. नवे पुढे आणि जुने मागे असतील, तर साचलेल्या पाण्यावर आधी शेपूट तरंगते. स्टेअरिंगला त्याचा आगाऊ सुगावा लागत नाही, कारण स्टेअरिंग पुढच्या चाकांची खबर देतं.

गेल्या वर्षी मी नवी जोडी मागे टाकायला सांगितली, तेव्हा कारागिराने मालकाकडे पाहिलं. मालक म्हणाले, “टाक रे, साहेब म्हणतात तसं. पण अलाइनमेंट पुढच्याचंच होईल हां.” बिलात त्यांनी बॅलन्सिंग चारही चाकांचं लावलं.