वेग आधी आला, उंची मागून : नसांच्या तपासणीची पार्श्वभूमी

हातापायाला मुंग्या येतात, पकड सैल झाली आहे, चप्पल पायातून निसटते, अशा तक्रारी घेऊन सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत गेलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर बहुधा ‘एन.सी.व्ही.’ (नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी, म्हणजे नसेतून संदेश जाण्याचा वेग) असे लिहून मिळते. घरी विचारले तर रुग्ण ‘करंटची तपासणी’ म्हणतो आणि स्नायूत सुई घातली असेल तर ‘सुईची’. या तीन अक्षरांतले शेवटचे अक्षर वेगाचे आहे. तपासणीत वेगाखेरीज बरेच काही मोजले जाते, किंबहुना पुष्कळ रुग्णांत निदान वेगावर ठरतच नाही. तरी नावात वेगच राहिला आणि अहवाल हाती आल्यावर नजरही आधी त्याच रकान्याकडे जाते. याचे कारण इतिहासात आहे.

नसेतून जाणारा संदेश इतका वेगवान असणार की तो कधी मोजताच येणार नाही, असे योहानेस म्युलर या शरीरशास्त्रज्ञाचे मत होते. त्यांचाच शिष्य हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने १८५० मध्ये बेडकाच्या नसेवर दोन ठिकाणी विजेचा धक्का देऊन स्नायू आखडायला लागलेल्या वेळेतला फरक मोजला आणि दोन ठिकाणांमधल्या अंतराला त्या फरकाने भागले. उत्तर आले सेकंदाला सुमारे २५ ते ४० मीटर, म्हणजे ध्वनीपेक्षाही कितीतरी कमी. आजही मिरजेतला तंत्रज्ञ मनगटावर आणि कोपरावर धक्का देऊन मधले अंतर टेपने मोजतो, तेव्हा तो हेल्महोल्ट्झचाच भागाकार करत असतो.

त्याच वर्षी, बेडकावरच, ऑगस्टस वॉलरने लंडनमध्ये दुसरी गोष्ट दाखवली. जिभेची नस कापली तर कापाच्या पुढचा भाग लगेच नव्हे, तर काही दिवसांत हळूहळू विघटित होतो. अहवाल चुकीचा वाचला जाण्याचे एक मोठे कारण या निरीक्षणात दडलेले होते. ऊसतोडणीत कोपराजवळ कोयता लागून नस तुटलेल्या माणसाची दुसऱ्याच दिवशी तपासणी केली आणि धक्का मनगटावर दिला, तर हाताचा स्नायू व्यवस्थित प्रतिसाद देतो, कारण तुटलेला पुढचा भाग अजून जिवंत असतो. स्नायूकडे जाणारे तंतू साधारण आठवडाभर आणि संवेदनेचे तंतू सुमारे दहा दिवस असा फसवा प्रतिसाद देत राहतात. सुईच्या तपासणीत नस तुटल्याची खूण, म्हणजे विश्रांतीतल्या स्नायूतली आपोआप होणारी बारीक थरथर, दिसायला तर दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवसाच्या ‘नॉर्मल’ अहवालावर कोणी निर्धास्त होऊ नये.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साधने आली. १९२९ मध्ये एड्रियन आणि ब्राँक यांनी इंजेक्शनच्या सुईच्या पोकळीत तार बसवून स्नायूतील मोजक्या तंतूंची वीज टिपली. अर्लँगर आणि गॅसर यांनी ऋण किरण नळीच्या (कॅथोड-रे ट्यूबच्या) साहाय्याने दाखवले की एका नसेत जाड-बारीक अनेक तंतू असतात आणि तंतू जितका जाड तितका त्याचा वेग अधिक. या कामाला १९४४ चे नोबेल मिळाले. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी नसांनी हे ज्ञान प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपाशी आणले. १९४८ मध्ये होड्स, लॅराबी आणि जर्मन या तीन संशोधकांनी रुग्णांतील स्नायूंकडे जाणाऱ्या नसांचा वेग मोजला, आणि १९४९ मध्ये डॉसन आणि स्कॉट यांनी संवेदनेचा क्षीण संदेश त्वचेवरून टिपला.

उंचीचे, म्हणजे प्रतिसादाचा आलेख किती उंच येतो याचे, महत्त्व कळते ते अर्लँगर-गॅसर यांच्या शोधातून. मोजलेला वेग हा नेहमी सर्वांत चपळ तंतूंचा असतो. नसेतले निम्मे तंतू मेले आणि उरलेल्यांत काही जाड तंतू शाबूत असले, तर वेग जवळजवळ नेहमीसारखा येतो. घटते ती आलेखाची उंची. याउलट तंतूंवरचे मायलिनचे, म्हणजे संदेश जलद नेणाऱ्या चरबीयुक्त पदार्थाचे, आवरण गेले तर वेग ठळकपणे घसरतो, प्रतिसाद उशिरा येतो, आलेख पसरट होतो किंवा वाटेतच अडतो. हाताच्या नसेत सेकंदाला ५० मीटरच्या वर आणि पायात ४० च्या वर वेग साधारणतः ठीक मानतात. पण ५० चे ४६ झाले म्हणजे आवरणाचा आजार, असे होत नाही. तंतू गळाल्यामुळेही इतकी घट होते. मधुमेहाच्या जुन्या रुग्णाच्या पायात बहुधा उंचीच आधी खचते, हे रकाने वाचताना वारंवार जाणवते.

आणखी एक साधी गोष्ट. डिसेंबरमध्ये महाबळेश्वर-पाचगणीकडून साताऱ्याला उतरलेल्या रुग्णाचे हात गार असतात, आणि गारठ्याने वेग अंशामागे सेकंदाला सुमारे दोन मीटरने उतरतो, तर संवेदनेची उंची उलट वाढते. हात शेकून घेतले नाहीत तर नसलेला आजार कागदावर उमटतो.

मिरज आणि परिसरात कुष्ठरोगाची दखल घेणे भाग आहे. हा रोग शरीराच्या थंड भागांतल्या नसा पकडतो, एका बाजूची एक, दुसऱ्या बाजूची दुसरी, असा. कोपराशी वेग घटलेला दिसला की दाबलेली नस म्हणून शिक्का मारणे सोपे असते. पण कोपराच्या थोडे वर बोटाने चाचपून नस जाड लागते का, हे पाहणे यंत्रापेक्षा जुने आणि अनेकदा अधिक बोलके ठरते.

सर्वांत बारीक, मायलिन नसलेले तंतू सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर जातात आणि वेदना-उष्णतेची जाणीव मुख्यतः तेच नेतात. नेहमीच्या तपासणीत ते दिसतच नाहीत. तळपाय रात्रभर जळणाऱ्या रुग्णाचा अहवाल ‘नॉर्मल’ आला तर त्यात फक्त जाड तंतू शाबूत आहेत एवढेच म्हटलेले असते. बारकांची गणती करायची तर घोट्याजवळच्या त्वचेचा तीन मिलिमीटरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.